कायदा आणि ठराव : अथेन्सच्या लोकसत्तेने स्वतःस घातलेली बंधने

लोकशाही म्हणजे लोकांची सत्ता, ही व्याख्या सर्वपरिचित आहे. परंतु या व्याख्येच्या पोटी एक अवघड प्रश्न दडलेला आहे. सत्ता जर लोकांची, तर लोकांनी काल केलेला कायदा आज त्याच लोकांना बंधनकारक का असावा? ज्यांनी नियम घातला, त्यांना तो मोडण्याचा अधिकार नाही, असे कोणी आणि कशाच्या आधारावर म्हणावयाचे? आणि तसे म्हटल्यास अंतिम सत्ता लोकांची राहिली की कायद्याची झाली? आधुनिक राज्यघटनांच्या संदर्भात या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे; तथापि प्रश्न मात्र आधुनिक नाही. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्स या ग्रीक नगरराज्यास तो प्रत्यक्ष व्यवहारात भेडसावला आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्या राज्यास जबर किंमत मोजावी लागली. ते उत्तर कोणते, ते कसे सापडले आणि त्यात उणे काय राहिले, याचे विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विषयाची साधने सुदैवाने विपुल आहेत. थ्युसिडिडीझ व झेनोफन यांचे इतिहासग्रंथ, न्यायालयांत केलेली भाषणे आणि शिलालेख ही त्यांपैकी प्रमुख होत. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत रचलेला अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ दीर्घकाळ लुप्त होता. ईजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसवरून तो १८९१ साली प्रसिद्ध झाला आणि या व्यवस्थेच्या अभ्यासाला त्याने नवी दिशा दिली.

१. लोकसत्तेची घडण

अथेन्सची लोकशाही एका दिवसात किंवा एका पुरुषाच्या प्रतिभेतून निर्माण झाली नाही. इ. स. पू. ५९४ च्या सुमारास सोलनने कर्जापायी माणसाचा देहच तारण ठेवण्याची चाल बंद केली व कर्जामुळे दास झालेल्या नागरिकांस मुक्त केले. ही सुधारणा वरवर आर्थिक दिसते. परंतु सावकार ज्याला विकू शकतो, तो मनुष्य सभेत निर्भयपणे हात वर करू शकत नाही, हे ध्यानी घेतले असता तिचे राजकीय महत्त्व कळून येते. पुढे पायसिस्ट्रॅटस व त्याचे पुत्र यांची एकतंत्री राजवट आली. तिचा शेवट इ. स. पू. ५१० मध्ये झाल्यावर, ५०८-०७ मध्ये क्लायस्थेनीझने राज्याची पुनर्रचना केली. जुन्या कुलांच्या जागी त्याने दहा नवे गण स्थापिले आणि प्रत्येक गणात नगर, किनारा व अंतर्भाग या तिन्ही प्रदेशांतील वस्त्यांचा समावेश केला. कोणत्याही एका घराण्याला आपल्या मुलखातील आश्रितांच्या बळावर संपूर्ण गण ताब्यात ठेवता येऊ नये, ही त्यातील योजना होती. प्रत्येक गणातून पन्नास याप्रमाणे पाचशे सभासदांचे एक मंडळ झाले. जनसभेपुढे यावयाचा विषय प्रथम या मंडळात तयार होत असे.

इ. स. पू. ४६२-६१ मध्ये एफिआल्टीझने सरदारवर्गाच्या जुन्या मंडळाकडील बहुतेक राजकीय अधिकार काढून घेतले. या कृत्याची किंमत त्याला प्राणाने द्यावी लागली. त्याच्यानंतर पेरिक्लीझने न्यायपंचांना दैनिक वेतन सुरू केले, त्यामुळे हातावर पोट असलेल्या नागरिकालाही एक दिवसाचा धंदा बुडवून न्यायदानास बसणे शक्य झाले. गरिबाला अधिकार देणे आणि तो बजावण्याची सवड देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव येथे प्रथमच स्पष्टपणे दिसते.

२. व्यवस्थेचे स्वरूप

या लोकशाहीची काही वैशिष्ट्ये आजच्या वाचकाला विलक्षण वाटण्याजोगी आहेत. बहुतेक अधिकारपदे निवडणुकीने नव्हे, तर सोडतीने भरली जात. निवडणुकीत घराणे, पैसा आणि वक्तृत्व यांचे फावते. सोडतीत सर्व नागरिक समान ठरतात, अशी त्यामागील धारणा होती. ज्या कामास विशेष कौशल्य लागते, तेथे मात्र निवडणूक होई; दहा सेनापती दरवर्षी निवडले जात व त्यांना पुनःपुन्हा निवडता येई. पाचशेंच्या मंडळावर बसण्यास वयाची तीस वर्षे पूर्ण असावी लागत आणि कोणाही नागरिकास आयुष्यात दोनच वेळा तेथे बसता येई. वर्षाचे दहा भाग पाडून प्रत्येक भागात एकेका गणाचे पन्नास सभासद दैनंदिन कारभार पाहत. त्यांच्यातून रोज एक अध्यक्ष सोडतीने ठरे. त्याची मुदत एका अहोरात्रीची असे.

निर्णयाची अंतिम जागा म्हणजे प्निक्स टेकडीवर भरणारी जनसभा. तेथे प्रत्येक प्रौढ पुरुष नागरिकास बसण्याचा, बोलण्याचा व मत देण्याचा अधिकार होता. युद्ध, तह, धान्याचा पुरवठा, सेनापतींची चौकशी हे सर्व विषय या सभेपुढे येत आणि हात वर करून त्यांचा निकाल लागे. काही महत्त्वाच्या बाबतींत सहा हजार मतांची किमान मर्यादा होती. न्यायदानासाठी दरवर्षी तीस वर्षांवरील सहा हजार नागरिकांची नावे सोडतीने निघत व त्यांतून दोनशे एक, पाचशे एक अशा संख्येची न्यायपंच-मंडळे बसविली जात. न्यायाधीश, वकील आणि सरकारी फिर्यादी हे धंदेवाईक वर्ग तेथे नव्हते.

एखादा पुढारी डोईजड होत आहे असे वाटल्यास त्याला दहा वर्षांकरिता हद्दपार करण्याची सोयही होती. नागरिक खापरीवर त्याचे नाव कोरून मत देत. शिक्षा झालेल्याची मालमत्ता शाबूत राही. हा उपाय इ. स. पू. ४८७ मध्ये प्रथम योजला गेला. उत्खननांत अशा खापऱ्या हजारोंनी सापडल्या आहेत. त्यांपैकी अक्रॉपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत मिळालेल्या सुमारे १९० खापऱ्यांवर थेमिस्टोक्लीझ याचेच नाव असून ती अक्षरे अवघ्या चौदा हातांची आहेत, असे अभ्यासकांनी ठरविले आहे. म्हणजे मतदारांस वाटण्यासाठी कोणी तरी खापऱ्या आधीच लिहून ठेविल्या होत्या. संघटित प्रचाराचा रोग लोकशाहीइतकाच जुना आहे, याचा हा मातीवरचा पुरावा होय.

३. तीन प्रसंग

अशी ही जनसभा सर्वाधिकारी होती. तिच्या वर कोणी नव्हते. यातूनच पुढील तीन प्रसंग उद्भवले.

पहिला प्रसंग इ. स. पू. ४२७ चा. स्पार्टाबरोबरच्या युद्धाच्या काळात लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी या अंकित नगराने बंड केले व ते मोडले गेले. संतप्त जनसभेने क्लिऑनच्या सल्ल्याने त्या नगरातील सर्व प्रौढ पुरुषांस ठार मारण्याचा व बायकामुलांस दास करण्याचा ठराव केला, आणि तो कळविण्यासाठी एक जहाज तत्काळ रवाना झाले. दुसऱ्या दिवशी मात्र लोकांचे मन पालटले. अपराधी व निरपराधी यांस एकच शिक्षा देणे क्रूर आहे, असे अनेकांस वाटू लागले. सभा पुन्हा बोलाविण्यात आली. क्लिऑनने ठराव बदलण्यास कसून विरोध केला. डायोडोटसने राज्याच्या हिताच्या भूमिकेवरून दयेची बाजू मांडली. आणि थोड्या मतांच्या फरकाने पहिला ठराव रद्द झाला. दुसरे जहाज निघाले. पहिले जहाज सुमारे एक अहोरात्र पुढे होते. दुसऱ्यावरील वल्हेकऱ्यांनी वल्ही न सोडता द्राक्षासव व तेल यांत कालविलेले जवाचे पीठ खाल्ले, आळीपाळीने झोप घेतली. पहिल्या जहाजावरील लोक अप्रिय कामावर निघालेले असल्याने सावकाश चालले होते. पहिला हुकूम वाचून झाला होता व त्याची अंमलबजावणी व्हावयाची होती, इतक्यात दुसरा हुकूम येऊन पोहोचला. बंडाच्या पुढाऱ्यांस देहदंड झालाच. परंतु नगर वाचले. ते वाचले याचे कारण कोणता कायदा नव्हता. मध्ये एक रात्र गेली, हेच त्याचे कारण होय. इ. स. पू. ४१६ मध्ये मेलॉस बेटाच्या वाट्याला तसला पुनर्विचार आला नाही. तेथील पुरुष मारले गेले व बायकामुले दास झाली.

दुसरा प्रसंग इ. स. पू. ४११ चा. सिसिलीवरील मोहिमेचा ४१३ मध्ये सर्वनाश झाल्यावर राज्यात भीती व निराशा पसरली होती. मूठभर धनिकांची सत्ता स्थापू पाहणाऱ्या गटाने काही लोकपक्षीय पुढाऱ्यांचे खून पाडून दहशत निर्माण केली. नंतर जनसभा नेहमीच्या जागी न भरविता नगरतटाबाहेर कोलोनस येथे भरविण्यात आली. त्या काळी अथेन्समध्ये एक संरक्षक तरतूद होती: बेकायदा ठराव मांडणाऱ्यावर कोणाही नागरिकास फिर्याद करता येई. ग्रीक भाषेत तिला ग्राफे पारानोमोन असे म्हणत. कोलोनसच्या सभेत पहिला ठराव आला तो हाच की, कोणीही कोणताही ठराव बेलाशक मांडावा आणि त्याच्याविरुद्ध अशी फिर्याद करील त्यालाच कठोर शासन व्हावे. हा बांध फुटल्यावर पुढचे काम सोपे होते. चारशे जणांच्या हाती राज्य सोपविण्याचा ठराव विरोधाविना संमत झाला. लोकसत्तेचा वध लोकसभेतच, हात वर करून झाला. चारशेंचा अंमल सुमारे चार महिने टिकला. सामॉस येथील आरमाराने लोकशाहीची निष्ठा सोडली नव्हती, आणि ४१० मध्ये पूर्वीची व्यवस्था परत आली.

तिसरा प्रसंग इ. स. पू. ४०६ चा असून तो सर्वांत उद्बोधक आहे. आर्गिन्युसी बेटांजवळ अथेन्सच्या आरमाराने मोठा विजय मिळविला. शत्रूची सत्तरावर जहाजे गेली, अथेन्सची पंचवीस. परंतु फुटलेल्या जहाजांवरील माणसांस वाचविण्याच्या आड वादळ आले आणि शेकडो नागरिक बुडाले. लढाईत भाग घेतलेल्या आठ सेनापतींपैकी सहा परत आले व त्यांच्यावर दोषारोप झाला. बचावाचे काम ज्यांच्यावर सोपविले होते त्या जहाजाधिपतींमध्ये थेरामिनीझही होता, आणि आरोप करणाऱ्यांतही तोच आघाडीवर होता. याच सुमारास कुलबांधवांचा वार्षिक उत्सव आला. मृतांच्या नातलगांचे दुःख ताजे झाले. अशा वातावरणात कॅलिक्सिनसने पाचशेंच्या मंडळातर्फे ठराव आणला की, चर्चा पूर्वी झालीच आहे. आता सर्व सेनापतींचा निकाल एकाच मताने लावावा. प्रत्येक गणासाठी दोन घट ठेवावे, एक दोषीपणाचा, दुसरा निर्दोषत्वाचा.

प्रत्येक आरोपीची चौकशी स्वतंत्र व्हावी, अशी अथेन्सची रीत होती. युरिप्टॉलेमसने ती पुढे केली व कॅलिक्सिनसचा ठराव बेकायदा असल्याची फिर्याद जाहीर केली. तेव्हा जनसमुदायातून ओरडा झाला की, लोकांना वाटेल ते करण्यास कोणी आडकाठी करावी हे असह्य आहे. आणि जो आडकाठी करील त्याचाही निकाल याच घटांत लावावा, अशी सूचना पुढे आली. फिर्याद मागे घेतली गेली. त्या दिवशी कार्यभार असलेल्या पन्नासांनी प्रथम ठराव मतास टाकण्याचे नाकारले, पण धमक्यांपुढे तेही नमले. नमला नाही तो एक सभासद; त्याचे नाव सॉक्रेटिस. युरिप्टॉलेमसने तरीही स्वतंत्र चौकशीची उपसूचना मांडली. ती पहिल्या मोजणीत संमत झाली, परंतु हरकत घेतली गेल्यावर दुसऱ्या मोजणीत पडली. सहाही सेनापतींस देहदंड झाला. त्यांत महान पेरिक्लीझचा त्याच नावाचा पुत्र होता. काही काळाने लोकांस पश्चात्ताप झाला व ज्यांनी आपणांस फसविले त्यांच्यावर खटले करावे असे त्यांनी ठरविले. परंतु मृतांस त्याचा उपयोग नव्हता. मिटिलीनीच्या वेळी दुसरे जहाज पाठविता आले होते. येथे ते पाठविण्यास जागाच उरली नव्हती.

४. पतन आणि समेट

पुढच्याच वर्षी अथेन्सचे आरमार एगॉस्पॉटमी येथे नष्ट झाले आणि इ. स. पू. ४०४ मध्ये राज्य शरण गेले. स्पार्टाच्या पाठबळाने तीस जणांची राजवट आली. क्रिटिअस हा तिचा सूत्रधार. तीन हजारांची एक यादी करून तेवढ्यांनाच हक्क ठेवण्यात आले. सुमारे दीड हजार माणसे मारली गेली. थेरामिनीझ स्वतः त्या तिसांपैकी असूनही त्यालाही विष प्यावे लागले. थ्रॅसिब्युलसने थोड्या सोबत्यांसह सरहद्दीवरील फायली हा किल्ला घेतला, पुढे पायरीअस बंदर हस्तगत केले, आणि तेथील लढाईत क्रिटिअस पडला. इ. स. पू. ४०३ मध्ये दोन्ही पक्षांत समेट झाला.

या समेटाचे स्वरूप जगाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे. तीस जण व त्यांचे मोजके अधिकारी वगळता कोणाच्याही गतकृत्याचा सूड घ्यावयाचा नाही, अशी शपथ सर्व नागरिकांनी घेतली. वगळलेल्यांपैकीही जो आपल्या कारभाराचा हिशेब देण्यास तयार होईल त्याला ही सूट मिळणार होती. धनिकपक्षाने लोकपक्षाशी लढण्यासाठी स्पार्टाकडून शंभर टॅलंट कर्ज काढले होते. ते ज्यांनी काढले त्यांनीच फेडावे, असे म्हणण्यास भरपूर जागा होती. पुनःस्थापित लोकशाहीने मात्र ते सर्व राज्याचे मानून सामायिक खजिन्यातून फेडले. आपल्याच विरुद्ध वापरलेल्या शस्त्रांची किंमत देणारे राज्य विरळा.

५. कायदा श्रेष्ठ, ठराव कनिष्ठ

समेटाबरोबरच कायद्यांची फेरतपासणी पूर्ण करण्यात आली आणि काही मूलभूत नियम घालण्यात आले. जो कायदा लेखी व कोरलेला नाही तो अधिकाऱ्यांनी लागू करू नये. पाचशेंचे मंडळ किंवा जनसभा यांचा कोणताही ठराव कायद्यापेक्षा श्रेष्ठ मानू नये. सहा हजार नागरिकांनी गुप्तमतदानाने मान्य केल्याखेरीज एकट्यादुकट्या व्यक्तीला उद्देशून कायदा करू नये. यापूर्वी कायदा व ठराव हे शब्द काहीसे सैलपणे वापरले जात. आता त्यांत तत्त्वाचा भेद करण्यात आला. कायदा म्हणजे सर्वांस व सर्वकाळ लागू होणारा नियम. ठराव म्हणजे विशिष्ट प्रसंगापुरता घेतलेला निर्णय.

कायदा बदलणे अशक्य ठेविलेले नव्हते. ते सावकाश होईल अशी तजवीज मात्र होती. नव्या कायद्याचा मसुदा गणनायकांच्या पुतळ्यांजवळ सर्वांस दिसेल असा लावावा लागे आणि जनसभेत वाचून दाखवावा लागे. जुन्या कायद्याची बाजू मांडण्यासाठी जनसभा पाच जणांची नेमणूक करी. जणू त्या कायद्यावर खटलाच चालला आहे. निकाल देण्यासाठी शपथबद्ध न्यायपंचांतून नोमोथेटाय म्हणजे विधिकर्त्यांचे खास मंडळ बसविले जाई. त्याची संख्या काही वेळा एक हजार एक असल्याचे दिसते.

बेकायदा ठरावावरील फिर्यादीची तरतूदही आता सुस्थिर झाली. कोणाही नागरिकाने शपथेवर फिर्याद जाहीर केली की, न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ठराव स्थगित होई. निदान पाचशे एक न्यायपंचांपुढे दिवसभर सुनावणी चाले. पाण्याच्या घटिकेने दोन्ही बाजूंचा वेळ मोजला जाई, आणि नंतर न्यायपंच काशाच्या चकत्यांनी गुप्तमतदान करीत. ठराव बेकायदा ठरला तर मांडणाऱ्यास दंड होई. तीनदा असे झाल्यास ठराव मांडण्याचा त्याचा हक्क जाई. उलट, फिर्यादीला पाचव्या हिश्शाइतकीही मते मिळाली नाहीत, तर त्याला एक हजार द्राख्मा दंड पडे आणि अशी फिर्याद पुन्हा करता येत नसे. इ. स. पू. ३३० मध्ये डिमॉस्थिनीझच्या गौरवाच्या ठरावाविरुद्ध एस्किनीझने केलेली फिर्याद अशीच फसली व त्याला अथेन्स सोडून जावे लागले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. जनसभेच्या निर्णयाची तपासणी करणारे हे न्यायपंच कोणी पंडित, पुरोहित अथवा सरदार नव्हते. ते त्याच जनतेतून सोडतीने निघालेले, बरेचसे गरीबच, नागरिक होते. फरक होता तो परिस्थितीचा. जनसभेत वीस वर्षांचा तरुण मत देई; न्यायपंच तिशीपुढचा असे. जनसभेत शपथ नव्हती. न्यायपंच शपथबद्ध असे. जनसभेत शेजाऱ्याचा हात वर गेलेला दिसे. न्यायपंचाचे मत गुप्त राही. जनसभा एका सकाळी अनेक विषय उरकी. न्यायपंच एकाच विषयाला दिवस देई. म्हणजे लोकांना आवरण्यासाठी लोकांबाहेरची शक्ती आणण्यात आली नाही. लोकांनाच दुसऱ्या दिवशी, शांत चित्ताने, दोन्ही बाजू ऐकून पुन्हा विचारण्यात आले. मिटिलीनीस ज्या एका रात्रीने वाचविले, त्या रात्रीला या व्यवस्थेने राज्ययंत्रात कायमची जागा करून दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

या स्थित्यंतराचे मूल्यमापन करताना अभ्यासकांत मतभेद आहेत. मार्टिन ऑस्टवाल्ड यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, अथेन्स लोकांच्या सार्वभौमत्वाकडून कायद्याच्या सार्वभौमत्वाकडे गेले, असा सिद्धांत मांडला. उलट, कायदा करणारे व ठराव तपासणारे हे लोकच असल्यामुळे सत्ता शेवटपर्यंत लोकांचीच होती, असेही म्हटले जाते. वरील विवेचन पाहता हा विरोध वाटतो तितका तीव्र नाही. सत्तेचा धनी बदलला नाही. सत्ता वापरण्याची रीत बदलली.

६. उणिवा

ही व्यवस्था निर्दोष होती, असे मात्र कोणी समजू नये. पहिली उणीव तिच्या पायातच होती. स्त्रिया, दास आणि परदेशीय रहिवासी यांना तीत स्थान नव्हते. इ. स. पू. ४५१-५० च्या कायद्याने आई व बाप दोघेही अथेन्सचे असल्याखेरीज नागरिकत्व मिळत नसे. इ. स. पू. ४०३ मध्ये लोकशाही परत आणणाऱ्या सैन्यात परदेशीय रहिवासी होते, दासही होते. पायरीअसहून परत आलेल्या या सर्वांस नागरिकत्व द्यावे, असा ठराव थ्रॅसिब्युलसने आणला. तो हाणून पाडला आर्किनसने, आणि त्यासाठी त्याने वापरलेले साधन म्हणजे बेकायदा ठरावावरील फिर्याद हेच होय. लोकशाहीच्या रक्षणार्थ केलेल्या तरतुदीने लोकशाहीच्या विस्ताराचा मार्ग रोखला. लिसिअस हा थोर भाषणकार या सैन्याला पैसा व ढाली पुरविणाऱ्यांपैकी होता. तो मरेपर्यंत परदेशीयच राहिला. याच आर्किनसने समेटाची शपथ मोडू पाहणाऱ्या एका मनुष्यास पाचशेंच्या मंडळापुढे नेऊन चौकशीविना देहदंड देवविला. त्यानंतर जुने वैर उकरून काढण्यास कोणी धजले नाही, असे प्राचीन ग्रंथकार प्रशंसेने सांगतो. परंतु कायद्याच्या राज्याचा आरंभ अशा कृत्याने व्हावा, ही विसंगती दृष्टीआड करता येत नाही.

दुसरी उणीव अशी की, रीत पाळल्याने न्याय झालाच असे नसते. इ. स. पू. ३९९ मध्ये सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसवर खटला झाला तो सर्व नियमांस धरून. आरोपपत्र होते, दोन्ही बाजूंची भाषणे झाली, न्यायपंचांनी गुप्तमतदान केले. प्लेटोच्या वृत्तांतानुसार तीस मते इकडची तिकडे झाली असती, तर तो सुटला असता. सात वर्षांपूर्वी बेकायदा मतदानास एकट्याने नकार देणारा मनुष्य कायदेशीर मतदानाने मारला गेला. विचारस्वातंत्र्याचे रक्षण करील असा स्वतंत्र नियम अथेन्सच्या कायद्यात नव्हता. कायदा लोकांना घाई करू देत नव्हता. चूक करू देत होता.

तिसरी उणीव व्यवहाराची. फिर्यादीचे शस्त्र पुढाऱ्यांनी एकमेकांविरुद्ध मुक्तपणे वापरले. ॲरिस्टोफन हा राजकारणी, आपल्यावर अशा पंचाहत्तर फिर्यादी झाल्या व आपण प्रत्येकीतून सुटलो, अशी प्रौढी मिरवीत असे. संख्या फुगविलेली असली तरी प्रवृत्ती खरी होती.

७. समारोप

हे सर्व जमेस धरूनही एक वस्तुस्थिती उरते. इ. स. पू. ४११ ते ४०४ या सात वर्षांत अथेन्सची लोकशाही दोनदा कोसळली. ४०३ नंतर ३२२ पर्यंत, म्हणजे सुमारे ऐंशी वर्षे, ती अंतर्गत उठावाने एकदाही कोसळली नाही. इ. स. पू. ३३६ मध्ये युक्रेटीझच्या सूचनेवरून एकतंत्री सत्तेविरुद्ध कायदा झाला. त्याची शिला १९५२ साली अथेन्सच्या जुन्या बाजारचौकातील उत्खननात मिळाली. बसलेल्या वृद्ध पुरुषाच्या रूपातील लोकांस लोकशाही देवी मुकुट घालीत आहे, असे चित्र त्या शिलेवर कोरलेले आहे. पुढे चौदा वर्षांतच मॅसिडोनियाच्या सैन्यापुढे अथेन्सचा पराभव झाला. अँटिपेटरने दोन हजार द्राख्मांची मालमत्ता ही नागरिकत्वाची अट घातली व हजारो गरीब नागरिक हक्कांस मुकले. ज्या व्यवस्थेने स्वतःपासून स्वतःचे रक्षण करण्याची विद्या साधली होती, तिला बाहेरच्या शस्त्राने संपविले.

आधुनिक राज्यांत जनसभेची जागा प्रतिनिधिगृहांनी आणि शेकडो न्यायपंचांची जागा नेमलेल्या न्यायाधीशांनी घेतली आहे. प्रश्न मात्र तोच आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तेरा न्यायाधीशांपुढे तो १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात आला. घटना दुरुस्त करण्याच्या अधिकारात तिचा मूलभूत ढाचा मोडण्याचा अधिकार येत नाही, असे मत सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरले. न्यायाधीश लोकांनी निवडलेले नसताना त्यांनी लोकप्रतिनिधींस अडवावे काय, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जात आहे, आणि तो केवळ उडवून लावण्याजोगा नाही. अथेन्सपुढे हा आक्षेप उद्भवत नव्हता, कारण तेथे अडविणारे व अडविले जाणारे एकाच जनतेचे होते. उलट, तेथील अल्पसंख्य, परदेशीय व स्वतंत्र विचाराचा मनुष्य यांना त्या जनतेपलीकडे दाद मागण्यास जागा नव्हती. दोन्ही व्यवस्थांस आपापली किंमत आहे.

अथेन्सच्या इतिहासातून निघणारा बोध यापेक्षा साधा आहे. इ. स. पू. ४०६ मध्ये प्निक्सवर ज्यांनी ओरडा केला, ते लोकशाहीचे शत्रू नव्हते; आपण लोकशाहीचा हक्क बजावीत आहो, अशीच त्यांची समजूत होती. त्यांच्यापैकी जे वाचले, त्यांनी तीन वर्षांनी, ठराव कायद्यापेक्षा श्रेष्ठ नाही, हा नियम स्वतःच मान्य केला. त्यांना तो कोणी शिकविला नव्हता. सहा सेनापती, एक पराभव आणि दीड हजार प्रेते यांनी तो शिकविला होता.